संगणकाचे प्रमाणपत्र आणि दहावीची गुणपत्रिका



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्या शाळेत आयुष्यभर गणित शिकविले. आज मी ज्या विषयाबद्दल बोलणार आहे, तो त्या गणिताच्या शेजारी अलीकडे येऊन बसला आहे, आणि प्रसंगी त्याची जागाही घेतो. नववी-दहावीच्या मुलांना ‘माहिती तंत्रज्ञान’ हा व्यावसायिक विषय द्यावा काय, आणि त्याच्या प्रमाणपत्राला नेमका काय अर्थ आहे, असे इंदूरच्या मराठी घरांतून मला वारंवार विचारले जाते. विचारणाऱ्यांच्या मनात दोन टोकांच्या कल्पना असतात. काहींना वाटते, मुलगा आता संगणक अभियंता होण्याच्या वाटेला लागला. काहींना वाटते, ही मागे पडणाऱ्या मुलांसाठी काढलेली पळवाट आहे. माझ्या मते दोन्ही कल्पना चुकीच्या आहेत. मात्र दुसरी खरी ठरावी अशी व्यवस्था आपणच आपल्या हातांनी करीत आहोत, अशी मला धास्ती वाटते.

प्रथम विषयाची ओळख करून घेऊ. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या यादीत हा विषय ४०२ या क्रमांकाने येतो. त्याचे पन्नास गुण लेखी परीक्षेचे आणि पन्नास प्रात्यक्षिक, प्रकल्प व तोंडी परीक्षेचे. लेखी पन्नासांपैकी दहा गुण संभाषण, आत्मव्यवस्थापन, उद्योजकता अशा सर्वसामान्य कौशल्यांना दिलेले आहेत. उरलेला भाग म्हणजे दस्तऐवज तयार करणे, स्प्रेडशीट चालविणे आणि दहावीत डेटाबेसची तोंडओळख. हे सारे मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिसवर करता येते, ही गरीब शाळांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झाली, आणि शाळेतल्या अशा प्रत्येक विषयाला एकेका नोकरीचे नाव जोडले गेले. या विषयाला जोडलेले नाव ‘डोमेस्टिक डेटा एंट्री ऑपरेटर’ असे होते. भोपाळला १९९३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेने नववी-दहावीसाठी याच नावाची पाठ्यपुस्तके तयार केली. येथे ‘डोमेस्टिक’ म्हणजे घरगुती नव्हे. परदेशी ग्राहकाऐवजी देशातल्या ग्राहकाचे काम करणारा, एवढाच त्याचा अर्थ. पण मुखपृष्ठावरचे ते नाव वाचून पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात, यात नवल नाही. हातकामाचे शिक्षण दुय्यम मानण्याची आपली सवय जुनी आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील दहा टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि पंचवीस टक्के १९९५ पर्यंत व्यावसायिक शाखेकडे वळविण्याचे ठरविले होते. १९९२ साली धोरणाची फेरतपासणी झाली तेव्हा हीच लक्ष्ये १९९५ आणि २००० पर्यंत पुढे ढकलावी लागली.

आता त्या व्यवस्थेकडे येतो. हा विषय विद्यार्थी बहुधा सहावा विषय म्हणून घेतो. मंडळाने सवलत अशी दिली की गणित, विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एका विषयात विद्यार्थी अनुत्तीर्ण झाला, पण कौशल्य विषयात उत्तीर्ण झाला, तर निकालाची आकडेमोड करताना नापास विषयाच्या जागी कौशल्य विषय धरावा. हेतू दयेचा आहे. एका विषयापायी मुलाचे वर्ष वाया जाऊ नये, याला कोण नाही म्हणेल? परंतु या सवलतीमुळे माहिती तंत्रज्ञानाकडे एक असे काम आले, ज्याचा माहिती तंत्रज्ञानाशी काडीचाही संबंध नाही. शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून धडपडणाऱ्या मुख्याध्यापकाला हा विषय विम्याच्या पॉलिसीसारखा दिसू लागतो.

असे काम एखाद्या प्रमाणपत्रावर लादले म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी इंग्लंडचा दाखला घेऊ. तेथे हा प्रयोग आपल्या आधी आणि फार मोठ्या प्रमाणावर झाला. सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेला तेथे जीसीएसई म्हणतात. पाच विषयांत चांगली श्रेणी मिळविणाऱ्या मुलांचे प्रमाण किती, यावरून शाळांची क्रमवारी जाहीर होत असे. जीएनव्हीक्यू नावाच्या व्यावसायिक परीक्षेत संगणकाचा विषय होता, आणि त्याची मधली पातळी चार जीसीएसईंच्या बरोबरीची धरली जाई. म्हणजे संगणकाचा हा एक अभ्यासक्रम आणि जोडीला कोणताही एक विषय, की पाच पुरे! पुष्कळ शाळा या गणिताकडे वळल्या, आणि क्रमवारीत वर चढल्या. जीएनव्हीक्यू मागे पडल्यावर २००५ साली ‘डिडा’ ही पदविका आली. तीत लेखी परीक्षाच नव्हती. विद्यार्थ्याने वर्षभर केलेल्या कामाचा संगणकीय संग्रह तपासला जाई. कल्पना मला आजही आवडते. पण तीही चार जीसीएसईंच्या तोलाची ठरविली गेली, आणि तिच्यामागेही तोच हिशेब लागला.

शिक्षणतज्ज्ञ ॲलिसन वुल्फ यांनी मार्च २०११ मध्ये व्यावसायिक शिक्षणावरचा आपला अहवाल सरकारला सादर केला आणि या बरोबरीच्या हिशेबावरच बोट ठेवले. पुढच्याच वर्षी सरकारने जाहीर केले की २०१४ पासून क्रमवारीत एका प्रमाणपत्राला एकाच विषयाचे वजन मिळेल. बरोबरीच्या म्हणून गणल्या जाणाऱ्या तीन हजारांहून अधिक परीक्षांपैकी अवघ्या १२५ उरल्या. जानेवारी २०१२ मध्येच रॉयल सोसायटीचाही अहवाल आला. शाळांत संगणक शिकविण्याची रीत अत्यंत असमाधानकारक आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्या समितीचे अध्यक्ष होते स्टीव्ह फर्बर. हे नाव आपल्याला परके वाटेल, पण ज्या बीबीसी मायक्रो संगणकाच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता, तेच यंत्र १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ योजनेतून भारतातल्या सुमारे अडीचशे शाळांत आले. ३२ किलोबाइट स्मृतीचे ते यंत्र या सभागृहातल्या काही माजी विद्यार्थ्यांनी पाहिलेही असेल.

फर्बर समितीने एक उपयुक्त भेद केला. संगणक नीट वापरता येणे ही एक गोष्ट. ती वाचता-लिहिता येण्यासारखी, सर्वांना हवी. कार्यालयाचे किंवा व्यवसायाचे काम संगणकाकडून करून घेणे ही दुसरी. संगणकाला स्वतः सूचना रचून देणे, म्हणजे संगणकशास्त्र, ही तिसरी. आपला ४०२ क्रमांकाचा विषय यांतला दुसरा आहे. तो घेतल्याने मुलगा प्रोग्रामर होत नाही, आणि न घेतल्याने त्याची ती वाटही बंद होत नाही. पण दुसरी गोष्ट हलकी आहे असे मात्र कोणी समजू नये. स्प्रेडशीटमधल्या ‘गोल सीक’चेच उदाहरण घ्या. कर्जाचा हप्ता पाच हजारांवर आणायचा तर मुदत किती हवी, हे संगणक क्षणात सांगतो. उत्तर बरोबर आहे की सूत्रात घोटाळा आहे, हे मात्र व्याजाची टक्केवारी ज्याला कळते त्यालाच कळते. गणिताला पर्याय म्हणून हा विषय देणे यासाठीच विपरीत आहे. ज्याचे गणित कच्चे राहिले, त्याच्या हातात हा विषयही कच्चाच राहतो.

म्हणून माझे मत असे की शाळेने हा विषय अवश्य चालवावा, पण गणितात मागे असलेल्या मुलांना निवडून त्यात बसवू नये. सवलत ज्याला लागेल त्याला मिळो. ती मिळाल्यानंतरही त्याचे गणित उन्हाळ्याच्या सुटीत पुन्हा घेतले जावे. दुसरे म्हणजे, दहावीचे प्रात्यक्षिक शाळेतच तपासले जाते. तेथे पन्नास गुण खिरापतीसारखे वाटणे सोपे आहे, आणि तसे केल्यास प्रमाणपत्राचे अर्धे वजन त्याच दिवशी उतरते.

प्रकल्प म्हणून काय द्यावे, याचाही विचार मी केला आहे. शाळेच्या ग्रंथालयातील मराठी पुस्तकांची नोंदवही अजून कागदावर आहे. तिचा डेटाबेस दहावीच्या मुलांनी करावा. त्यासाठी त्यांना देवनागरी टंकलेखन शिकावे लागेल, आणि ते वाया जाणार नाही. मध्य प्रदेशात शासकीय कारकुनी पदांसाठी जी सीपीसीटी परीक्षा द्यावी लागते, तिच्यात इंग्रजीबरोबर हिंदी टंकलेखनही तपासतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ल’च्या कळीबरोबर शिफ्ट दाबली की ‘ळ’ उमटतो. हिंदी टंकलेखन करणाऱ्यांना त्याची गरज क्वचितच पडते. आपल्या मुलांना ‘टिळक’ आणि ‘केळकर’ ही नावे पहिल्याच पानावर लिहावी लागतील.