अग्नीतून घडलेले तीर्थगिरी

बागलाणातील मांगी-तुंगीची जोडशिखरे दुरून पाहिली, की डोंगराच्या अंगावरील आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. उभा कडा, त्याखाली उतार, पुन्हा कडा. हे लाव्हारसाचे एकावर एक साचलेले थर होत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या लांबच लांब भेगांतून हा रस वारंवार उसळला, दूरवर पसरला आणि थिजला. म्हणूनच सह्याद्रीत शंकूच्या आकाराचे ज्वालामुखी नाहीत. आहेत ते सपाट माथे आणि पायऱ्यांसारखे टप्पे. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई आणि १५६७ मीटरचा साल्हेर हे त्याचेच सुपुत्र.

याच पाषाणाने आपल्या पूर्वजांना आश्रय दिला. जाड, एकसंध थरात छिन्नीने कोरलेले खांब व छत शतकानुशतके टिकतात. वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी, मनमाडजवळील टंकाई किल्ल्यावरील लेणी आणि मांगी-तुंगीवरील प्राचीन गुहा ही त्याची साक्ष. २०१६ मध्ये प्रतिष्ठापित झालेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्तीही तेथील अखंड पाषाणातच घडली.

आज आपल्या घरांतील तरुण मंडळी या डोंगरांकडे ओढली जात आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवतात, आणि नेमकी तेव्हाच भटकंतीला भरती येते. पावसाळ्यात त्या उतारांवर कोवळे अंकुर, गांडुळे, खेकडे, असंख्य कीटक पावलोपावली असतात. शेवाळलेला काळा दगड चढणाऱ्यालाही दगा देतो. मुलांना नुसते ‘जाऊ नका’ म्हणण्याऐवजी हे कारण समजावून सांगावे आणि सोबत दुसरा मुहूर्तही सुचवावा.

तो मुहूर्त परंपरेनेच दिला आहे. चातुर्मासात थांबलेली शत्रुंजयाची यात्रा कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते. सह्याद्रीतही त्या सुमारास आकाश निवळते, गवत सोनेरी होते, वाटा कोरड्या पडतात आणि माथ्यावरून दूरच्या रांगा दिसू लागतात.

आपले नित्याचे आचार तर डोंगरासाठीच घडविल्यासारखे आहेत. ईर्यासमिती म्हणजे चार हात पुढची भूमी पाहत चालणे. कड्यावरच्या वाटेला याहून उत्तम शिस्त नाही. सूर्यास्तापूर्वी भोजन करावयाचे, तर दिवस असतानाच खाली उतरणे आले. खडकात कोरलेल्या टाक्यातील पाणी गाळून, उकळूनच प्यावे. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. तेथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा कटाक्षाने टाळावा. पाषाणातही शास्त्राने पृथ्वीकायिक जीव सांगितले आहेत. मग लेण्याच्या भिंतीवर नाव कोरणाऱ्या हाताला आवरणे हेही आपलेच कर्तव्य ठरते. नेलेले वेष्टन परत आणणे तर ओघानेच आले.

यंदा कार्तिकी पौर्णिमेनंतर एक दिवस पेढी बंद ठेवावी आणि आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी जवळच्या एखाद्या तीर्थगिरीकडे निघावे. ज्यांना चढवणार नाही, त्यांनी पायथ्याशी बसून थर मोजावेत. वर गेलेल्यांनी दर्शन घेऊन घटकाभर मौन पाळावे. दुकानाच्या गल्ल्यात न मावणारा वारसा मुलांच्या हाती असाच देता येतो.