मुलामा उतरविणें

इंग्रजींतील ‘ग्लॅमर’ हा शब्द मूळचा ‘ग्रामर’ म्हणजे व्याकरण याच शब्दाचें स्कॉटिश रूपांतर होय. निरक्षर लोकांस विद्या ही जादूच वाटे. म्हणून त्या शब्दास नजरबंदी, मोहिनी असा अर्थ आला. ही मोहिनी दूर करून वस्तूचें साधें रूप दाखविणें, यास त्या भाषेंत ‘डीग्लॅमराइझ’ म्हणतात. मराठींत यास कोणता शब्द योजावा? त्याचें उत्तर भंडाऱ्याच्या भांडेबाजारांत मिळतें.

पितळेच्या भांड्यांसाठीं भंडारा शहर नांवाजलेलें आहे. पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचें मिश्रण. त्यावर सोन्याचा पातळ थर चढविला कीं तो झाला मुलामा. ‘मुलामा’ हा शब्द अरबींतून आला. त्याचा मूळ अर्थ चकचकीत केलेलें. हा थर झिजला कीं आंतील पितळ दिसतें. वस्तूचें त्यांत कांहीं बिघडत नाहीं. पाहणाऱ्याचा भ्रम तेवढा जातो. म्हणून ‘मुलामा उतरविणें’ हा प्रयोग येथें यथार्थ ठरतो.

कल्हई दिसावयास मुलाम्याची बहीण, परंतु तिचें काम निराळें. कल्हईवाला भांडें भट्टीवर तापवितो, नवसागर टाकून तें साफ करतो आणि सुमारें २३२ अंश सेंटिग्रेडला वितळणारें कथील कापसाच्या बोळ्यानें आंतून फिरवितो. हा थर चकाकतो खरा, पण तो शोभेसाठीं नसतो. कल्हई उडालेल्या भांड्यांत ताक ठेवल्यास आंबटाची तांब्यावर क्रिया होऊन तें कळकतें व पिणाऱ्यास अपाय होतो.

भंडाऱ्याच्या उत्तरेस मध्यप्रदेशचा बालाघाट जिल्हा लागतो. त्यामुळें ढोंग उघडें पडलें या अर्थाचा ‘कलई खुलना’ हा हिंदी प्रयोगही या बाजूस कानांवर पडणें स्वाभाविक आहे. तथापि मराठींत लिहितांना दोन थरांतील हा भेद राखणें हिताचें.

दारू, तंबाखू, सट्टा यांस चढविलेला मुलामा मुलांपुढें अवश्य उतरवावा. परंतु वडीलधाऱ्यांचा मान, दिल्या शब्दाची भीड, पाहुण्याशीं मृदु बोलणें, यांसही पोकळ झगमगाट समजून कोणी खरडूं लागला, तर त्याच्या हातून निघते ती कल्हई. आणि मग माणसांचीं मनें कळकल्यावांचून राहत नाहींत. थर कोणताही असो, खरडण्यापूर्वीं तो कशासाठीं चढविला होता, एवढें पाहावें.