घर भाड्याचे, हिशेब अख्ख्या गल्लीचा

इंग्लंडमध्ये शिकायला गेलेली आपली मुले पुष्कळदा चार-पाच जणांत मिळून घर घेतात. खोली ज्याची त्याची, स्वयंपाकघर आणि बाथरूम सगळ्यांचे. एकाच कुटुंबातली नसलेली तीन किंवा अधिक माणसे अशी राहू लागली, की कायद्याच्या लेखी ते घर ‘एचएमओ’ ठरते. त्याला दोन वेगवेगळे नियम लागू होतात.

पहिला नगररचनेचा. साध्या राहत्या घराचे सहा जणांपर्यंतचे एचएमओ करायला २०१० च्या ऑक्टोबरपासून एरवी परवानगी लागत नाही. पण विद्यापीठांच्या आसपास घरामागून घर असे बदलू लागले, की दिवाणखान्यातही पलंग पडतो, कचऱ्याचे डबे फुटपाथवर येतात आणि सुट्टीत गल्ली ओस पडते. अशा वेळी नगररचनेच्या नियमांतल्या ‘आर्टिकल ४’ खाली कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक पालिका, ही सूट काढून घेऊ शकते. ऑक्सफर्डने २०१२ मध्ये ती शहरभर काढून घेतली. तिथे अर्ज आला की त्या घरापासून रस्त्याच्या दोन्ही दिशांना १०० मीटरपर्यंतच्या इमारती मोजतात. एचएमओ २० टक्क्यांच्या वर जाणार असतील, तर परवानगी नाकारायची, असे धोरण आहे. शहरभरचा असाच निर्णय बर्मिंगहॅमने २०२० मध्ये लागू केला.

दुसरा नियम परवान्याचा. पाच किंवा अधिक भाडेकरू असतील तर परवाना सक्तीचा. काही कौन्सिल त्याहून लहान घरांनाही तो लावतात. परवान्याच्या घरात एका प्रौढाची झोपायची खोली किमान ६.५१ चौरस मीटर हवी, म्हणजे साधारण ७० चौरस फूट. पलंग, टेबल, कपाट लावले की उरते ती दार उघडण्यापुरती जागा. कायदा मागतो ते एवढेच, आणि तेही न देणारे घरमालक आहेत.

टक्केवारीने गल्लीचा तोल सांभाळता येतो, खोली शोधणारी माणसे मात्र कमी होत नाहीत. विद्यार्थी, नर्स, गोदामातले कामगार यांना कामाच्या जागेजवळ परवडेल असे छप्पर लागतेच. नवी वसतिगृहे आणि स्वस्त घरे न बांधता नुसती मर्यादा घातली, तर ही माणसे शहराबाहेर किंवा विनापरवाना घरांत ढकलली जातील. घरे मोजणाऱ्या कौन्सिलने या माणसांचीही सोय लावली पाहिजे.

तोवर मुलांनी आणि पालकांनी एक करावे. डिपॉझिट भरण्याआधी कौन्सिलच्या नोंदवहीत घराचा परवाना तपासावा. ती सर्वांना पाहता येते. परवाना सक्तीचा असूनही काढलेला नसेल, तर भरलेले भाडे परत मिळवण्यासाठी न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. परक्या देशातल्या भाडेकरूलाही हा हक्क आहे, आणि तो बजावायला कचरू नये.