लेकरांना घेऊन तंबूत राहायचे? आधी थंडीचे गणित समजून घ्या

नाताळच्या सुट्ट्या लागल्या की नागपुरातल्या घराघरांत एकच बोलणे सुरू होते, यंदा कुठे? हॉटेलचे भाडे परवडत नाही, नातेवाईकांकडे दरवर्षी जाऊन झाले, मग कुणीतरी मोबाइलवर तंबूचे फोटो दाखवते आणि लेकरे हट्टाला पेटतात. आमच्याकडेही हेच झाले. दोन घरची मिळून आम्ही 9 माणसे, त्यात 4 लेकरे, सगळ्यात लहान अडीच वर्षांचे आणि सगळ्यात मोठ्या नानी. ठरले चिखलदरा.

जाऊन आल्यावर मोहल्ल्यातल्या बऱ्याच जणांनी विचारले, लहान लेकरांना थंडीत कसे नेले? खरे सांगायचे तर जाण्याआधी आम्हालाही फारसे काही माहीत नव्हते. जे कळले ते इथे मांडतो.

नागपूरहून अमरावती, तिथून परतवाडा आणि पुढे घाट चढून चिखलदरा, असा साधारण सव्वादोनशे किलोमीटरचा रस्ता. घाटात वळणे फार. पोट रिकामे असले तरी आणि तुडुंब भरले तरी लेकरांना उलट्या होतात. परतवाड्याला थोडेसे खाऊ घालून, मोबाइल काढून घेऊन, खिडकीबाहेर लांब बघायला लावावे. परतवाडा म्हणजे अचलपूरला लागून असलेले गाव. हेच अचलपूर म्हणजे जुने एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. घाट चढण्याआधी लेकरांना एवढे सांगितले की गाविलगड बघताना त्यांना मजा येते.

आता थंडीचे गणित. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर, चिखलदरा सुमारे 1100 मीटरवर. हजार मीटर चढले की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे दोन्हींत पाचेक अंशांचा फरक. ऐकायला कमी वाटतो, पण डिसेंबरात नागपुरातच पहाटे दहाच्या आसपास पारा जातो. त्यातून पाच वजा करा, वर पठारावरचा वारा जोडा, आणि भिंतीच्या जागी नुसते कापड आहे हे लक्षात ठेवा. उंचीमुळे श्वास लागण्याची भीती मात्र इथे नाही. तो त्रास बहुतेक अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिकडे लेकरांना न्यायचे असेल तर तो वेगळा विचार आहे.

लहान लेकराचे अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर गार पडते. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पसारा जास्त, म्हणून ऊब भराभर बाहेर जाते. शिवाय मोठा माणूस म्हणतो थंडी वाजते, अडीच वर्षांचे लेकरू नुसते रडते. आणि जास्त गार पडले तर रडतही नाही, सुस्त होते. ते जास्त धोक्याचे.

पहिल्याच रात्री दोनच्या सुमारास आमचा छोटा उठून रडायला लागला. अंगावर दोन रजया, डोक्याला टोपी, तरी पाय बर्फासारखे. आवाज ऐकून तिथल्या राखणदार पोराने, अगदी भल्या मनाने, कोळशाची पेटती शेगडी आणून तंबूच्या दारात ठेवली. म्हणाला, आत घ्या, पाच मिनिटांत गरम होईल, सगळेच घेतात. आम्ही ती आत ओढणारच होतो. नानी उठून बसल्या आणि म्हणाल्या, ‘बेटा, बाहर रख. अंदर बिल्कुल नहीं.’ एवढ्या जोरात त्या कधी बोलत नाहीत.

त्यांचे म्हणणे किती बरोबर होते ते सांगतो, कारण हा लेख लिहायचे मुख्य कारण तेच आहे. कोळसा बंद जागेत जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराने डोळे चुरचुरतात म्हणून माणूस उठतो तरी. लाल झालेल्या निखाऱ्याला धूरच नसतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून रक्त फिरत राहते पण प्राणवायू पोचत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. झोपेत असलेल्याला यातले काहीच कळत नाही. लेकरांचा श्वास जलद चालतो, त्यामुळे त्यांच्या अंगात हा वायू लवकर भरतो. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळच्या 8 पर्यटकांचा हॉटेलच्या खोलीत असाच मृत्यू झाला. खोलीत गॅसचा हीटर लावलेला होता. त्या आठांत 4 लहान मुले होती.

म्हणून शेगडी, गॅसचा हीटर, स्टोव्ह, कंदील, यातले काहीही तंबूत नाही. मच्छर अगरबत्तीसुद्धा नाही, तंबूचे कापड क्षणात पेटते. वरची जाळीची खिडकी थंडी आहे म्हणून पूर्ण बंद करायची नाही. आपल्याच श्वासाची वाफ आतून कापडावर जमते आणि पहाटे अंथरुणावर ठिबकते. चुकून कुणी शेगडी आत घेतलीच आणि डोके जड वाटू लागले, तर आधी सगळ्यांना उचलून मोकळ्या हवेत आणा, मग 108 ला फोन करा.

मग त्या रात्री लेकराला ऊब कशी दिली? नानींनी अंथरुणाखाली हात घातला. खाली फक्त एक पातळ सतरंजी, तिच्याखाली गार जमीन. आम्ही सगळे पांघरूण वर घालत होतो आणि ऊब खालून जात होती. वर त्याचा लंगोट ओला. लंगोट बदलला, एक रजई वरची काढून खाली घातली, गरम पाणी भरलेली बाटली टॉवेलात गुंडाळून पायांशी ठेवली, आणि त्याला दोघांच्या मध्ये घेतले. वीस मिनिटांत झोपला. दुसऱ्या दिवशी ताडपत्री, तिच्यावर वाळलेल्या गवताचा जाड थर, मग सतरंजी असे केले. धानाचे तणस मिळाले तर त्याहून चांगले. आपल्या विदर्भातल्या शेतावरच्या माणसाला हे सांगायची गरज नाही, विसरलो आहोत ते आपण शहरवाले.

तंबूची जागाही बघून घ्यावी. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली वाहत येऊन खोलगट भागात साचते. ओढ्याकाठची जागा फोटोत सुंदर दिसते, पण पहाटे तीच सगळ्यात गार. थोडी उंचावरची, वाऱ्याला आडोसा असलेली जागा बरी. दिवस लहान असतो, पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चारच्या आत पोचून सगळे लावून झाले पाहिजे. आणि हो, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. जंगलात राहायचे तर वन विभागाची सेमाडोह, कोलकास इथली सोय आहे, तिचे आरक्षण आधी करावे. या भागात अस्वल आणि बिबट्या आहेत. उष्टे-खरकटे तंबूजवळ ठेवू नये, आणि रात्री लेकराला शौचाला एकट्याने पाठवू नये.

खाण्यासाठी आम्ही पहिल्या दिवसाचा खिमा आणि पराठे घरूनच नेले, दुसऱ्या दिवशी खिचडी आणि अंडी. चिखलदऱ्याची रबडी लेकरांनी दोन्ही दिवस खाल्ली, त्याबद्दल तक्रार नाही.

नमाजबद्दल एक छोटी गोष्ट. दिशा ‘सूर्य मावळतो तिकडे’ एवढ्यावर सोडू नका. आपल्या भागातून किबला पश्चिमेच्या किंचित उत्तरेला येतो, आणि डिसेंबरात सूर्य मात्र पश्चिमेच्या बराच दक्षिणेला मावळतो. फरक तीसेक अंशांचा पडतो. मावळतीकडे तोंड केले की किबला आपल्या उजव्या हाताच्या बाजूला राहतो. होकायंत्र जवळ असू द्या. फजरच्या वुजूसाठी रात्रीच थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवले तर लेकरेही कुरकुर न करता उठतात. प्रवासातल्या कसरचे नियम निघण्याआधी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावेत.

गाविलगड दिवसाउजेडीच बघा. किल्ल्यात जुनी मशीद आहे, दरवाज्यांवर कोरलेली जनावरे आहेत, आणि 15 डिसेंबर 1803 रोजी इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीने हा किल्ला घेतला होता. तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. आमच्या 9 वर्षांच्या पोरीला हे इतके आवडले की परतीच्या वाटेवर ती दुसरे काही बोलेना. पण तटाच्या कडा उघड्या आहेत, तलावांना कठडे नाहीत. एका मोठ्या माणसाकडे एकच लेकरू, असा हिशेब ठेवा.

पावसाळा संपतानाचे उंच गवत मात्र टाळा. त्यात बारीक किडे असतात, त्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. 2018 मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याचे बरेच रुग्ण सापडले होते. सहलीनंतर पंधरा-वीस दिवसांत लेकराला ताप आला तर अंगावर, विशेषतः काखेत आणि जांघेत, काळी खपली दिसते का ते बघा आणि डॉक्टरांना डोंगरात जाऊन आल्याचे आवर्जून सांगा. वेळेत कळले तर साध्या गोळ्यांनी बरा होतो.

दवाखान्याची माहिती निघण्याआधी कागदावर लिहून घ्या, डोंगरात मोबाइलला रेंज असेलच असे नाही. चिखलदऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, त्याहून मोठे अचलपूरला आणि मग अमरावतीला. रात्री घाट उतरायला किती वेळ लागेल हे गाडीवाल्याला आधीच विचारून ठेवा.

आणि पहिल्यांदाच जात असाल तर एक रात्र आपल्याच गच्चीवर तंबू लावून झोपून बघा. आमच्या लहानपणी उन्हाळाभर सगळा मोहल्ला गच्चीवरच झोपायचा, तो सराव आता राहिला नाही. काय कमी पडते ते तिथेच कळते, आणि कमी पडलेली रजई आणायला दोन जिने उतरले की झाले.