घुंगरू बाजाराला जाताना

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. धारणीच्या आठवडी बाजारात मी एका भांड्यांच्या दुकानापुढे उभा होतो. आधी घुंगरांचा आवाज आला, मागून बासरी, आणि मग गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. आठ-दहा जण नाचत पुढे आले. पांढरं धोतर, वर काळा कोट, फेट्यात तुरा आणि कमरेला घुंगरांचा रुंद पट्टा. दोघांच्या डोळ्यांवर काळे गॉगल. दुकानदाराला त्याचं काही नवल नव्हतं. गल्ल्यातली नोट काढून त्यानं मुठीत तयारच ठेवली होती. मी मोबाइल वर केला, तर सोबतच्या वाटाड्यानं माझा हात धरून खाली केला.

“पहिले बक्षिसी द्या साहेब, फोटो मागून काढा. हे तमाशा नाही दाखवून राहिले, हक्काचं मांगून राहिले.”

मेळघाटातले सण कसे पाहायचे, याचा पहिला धडा मला तिथं मिळाला.

गुराख्यांचा हिशेब

हाच घुंगरू बाजार. तो वेगळा कुठं भरत नाही. दिवाळीनंतरच्या दिवसांत धारणी, कळमखार, हरिसाल, सुसर्दा अशा गावांचे नेहमीचे आठवडी बाजारच त्या एका फेरीपुरते घुंगरू बाजार होतात. नाचणारे असतात गोंड समाजातले थाट्या, म्हणजे गावाची गुरं राखणारे लोक. वर्षभर पहाटे दावी सोडायची, दिवसभर रानात गुरं वळायची, वाघ-बिबट्यांवर नजर ठेवायची आणि दिवेलागणीला प्रत्येक जनावर ज्याच्या त्याच्या गोठ्यात पोचवायचं. दिवाळीत गाईम्हशी ओवाळल्या जातात आणि त्यांच्यामागोमाग त्यांना राखणाराही सजून बाहेर पडतो. ढोलकी-बासरीवर नाचत तो बाजारभर फिरतो. दुकानदार, गुरांचे मालक, ओळखीचे, अनोळखी, सगळे त्याच्या हातावर काही ना काही ठेवतात. वर्षाच्या राखणीचा हा वाजतगाजत होणारा हिशेब आहे. म्हणून वाटाड्यानं हात खाली केला. हिशेब चालू असताना मध्येच कॅमेरा घालायचा नसतो.

हे पाहताना मला स्पेनमधलं सेव्हिल आठवलं. आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या युरोपच्या माहितीपत्रकात फ्लेमेंको नर्तकीचा फोटो ठरलेला असतो. तिच्या झालरीच्या झग्यांची सगळ्यात मोठी गर्दी होते ती सेव्हिलच्या एप्रिल जत्रेत. ही जत्रा 1847 साली सुरू झाली ती गुरांचा बाजार म्हणून. घोडे, खेचरं, मेंढ्या विकायला आलेल्या लोकांनी सावलीसाठी तंबू ठोकले. तंबूत खाणंपिणं आलं, गाणं आलं, नाच आला. पुढं गुरं गेली आणि नाच उरला. आज तिथं हजाराच्या वर मांडव लागतात. त्यांतले बहुतेक घराण्यांचे, मित्रमंडळांचे किंवा संस्थांचे खासगी मांडव. आमंत्रण असल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. हजारो किलोमीटर प्रवास करून गेलेला पर्यटकही ओळख नसेल तर रस्त्यावरून रोषणाई पाहून परततो. गाइड चांगला असेल तर तो हे आधीच सांगतो, आणि जमलं तर एखाद्या मांडवात ओळखही काढून देतो.

धारणीत मांडव नाही, दार नाही, तिकीट नाही. बाहेरच्याला वाटतं, सगळं मोकळंच आहे. पण आमंत्रणाची रीत इथंही आहे. ती बक्षिसीच्या नोटेत असते.

सागाची नदी, वाघ मामा

धारणी आणि चिखलदरा हे अमरावती जिल्ह्याचे दोन तालुके म्हणजे मेळघाट. अमरावतीहून परतवाडा पन्नास किलोमीटर. तिथून घाट चढला की सेमाडोह, हरिसाल आणि मग धारणी. पुढं भोकरबर्डी ओलांडली की मध्य प्रदेश. वाटेत साथ करते ती सिपना नदी. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. काठची झाडी पाहिली की नाव कुणी समजावून सांगावं लागत नाही.

इथं सर्वांत मोठी वस्ती कोरकूंची. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसं, इतकं साधं नाव. त्यांची भाषा मराठीची बहीण नाही, गोंडीचीही नाही. तिचं गोत्र झारखंडच्या मुंडारी-संताळीशी जुळतं. त्या मुंडा कुळातली सगळ्यांत पश्चिमेची भाषा आपल्या वऱ्हाडाच्या माथ्यावर बोलली जाते, हे अमरावतीत जन्म काढलेल्यांनाही ठाऊक नसतं. वाघाला कोरकूत ‘कुला’ म्हणतात आणि आदरानं ‘कुलामामा’. मामा म्हटलं की नातं आलं, धाक आला आणि थोडी सलगीही आली. 1973-74 साली देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता. पण मामा-भाच्यांचं नातं त्या फायलीपेक्षा फार जुनं.

गावात शिरताना मुठवा दिसतो. शेंदूर लावलेले दगड, वर झाड. हा गावाचा राखणदार देव. कुठं कोरीव लाकडी फळ्या उभ्या दिसतात. त्यांना मुंडा म्हणतात. गेलेल्या माणसांच्या नावानं, सिडोलीचा विधी करून त्या रोवलेल्या असतात. त्यांना टेकून सेल्फी काढणारे मी पाहिले आहेत. आजोबांच्या समाधीला पाय लावून बसण्यासारखंच ते. सोबत गावातला माणूस असेल तर असा प्रसंग येत नाही.

दोन सणांमधली वाट

मेळघाटचं वर्ष समजायचं तर दिवाळी आणि होळी या दोन खुंट्या धराव्या. पावसाळ्यात शेतीची कामं. त्यातच येणाऱ्या जिरोतीच्या सणाला झाडांना झोके बांधले जातात. दिवाळीला मका, सोयाबीन घरात आलेलं असतं आणि हातात थोडा पैसा असतो. घुंगरू बाजार त्याच दिवसांत येतो. पण कोरडवाहू जमिनीचं पीक वर्षभर पुरत नाही. बाजार झाला की बिऱ्हाडं बांधली जातात. कापूस वेचायला, हरभरा काढायला, वीटभट्टीवर, बांधकामावर माणसं खाली मैदानात उतरतात. अमरावती, अकोला, बऱ्हाणपूर, जिथं काम मिळेल तिथं. गावात म्हातारेकोतारे आणि कुलूप लावलेली दारं राहतात.

ही सगळी माणसं परत येतात होळीला. ठेकेदारानं मजुरी अडवली तरी, कामाचे चार दिवस बुडाले तरी. पळस पेटलेला असतो, मोह गळायला लागलेला असतो. होळी पेटली की पुढं पाच दिवस फगवा. बायका रस्त्यावर दोर आडवा धरून गाड्या थांबवतात, गातात, हसतात आणि फगवा मागतात. सरकारी जीप असो की मालवाहू ट्रक, दोर सगळ्यांना सारखाच. पुरुषांचा सुसून आणि बायकांचा गादली नाच रात्र रात्र चालतो. सिड्डू, म्हणजे मोहाची दारू, आधी देवाला, मग पाहुण्याला.

होळीच्याच दिवसांत मेघनाथाची जत्रा भरते. रावणाचा मुलगा मेघनाथ हा इथं पूजेचा देव. उंच खांब, त्यावर आडवी तुळई. नवस बोललेल्याला तुळईला बांधतात आणि खालून दोर धरून गरागरा फिरवतात. खाली ढोल वाजत असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. फिरून उतरलेला माणूस मात्र शांतपणे नारळ फोडतो आणि घरी जातो.

गर्दी झाली की

असले सण जगाला कळले की काय होतं, याचाही दाखला स्पेनमध्येच आहे. ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी ब्युन्योल गावात टोमॅटो फेकण्याचा खेळ होतो, ला तोमातिना. 2011 सालच्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’मुळं तो आपल्याकडं घरोघरी पोचला. ब्युन्योलची वस्ती जेमतेम नऊ-दहा हजारांची आणि एका सकाळी त्या गल्ल्यांत उतरत होती चाळीस-पन्नास हजार माणसं. शेवटी 2013 पासून तिकीट लावलं आणि संख्या वीस हजारांच्या आसपास बांधून टाकली. गावाचा सण वाचवायचा तर गावाला दार लावावं लागलं.

मेळघाटात ती वेळ आलेली नाही. पण पावसाळी शनिवार-रविवारी चिखलदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते, ती पाहिली की पुढचं चित्र दिसतं. सण हॉटेलच्या हिरवळीवर ठरावीक वेळी नाचवून दाखवायला लागले की घुंगरू उरतील, हिशेब उरणार नाही.

म्हणून जायचं तर आधी तिथी पाहावी, मग सुट्टी काढावी. उलटं केलं की फक्त नाच दिसतो, सण दिसत नाही. वाटाड्या गावातलाच घ्यावा. सेमाडोह, हरिसालकडं जंगल दाखवणारी तरुण मुलं आहेत. त्यांना वाघाच्या पावलाइतकीच मुठव्याची गोष्टही येते, फक्त कुणी विचारत नाही. त्यांचे पैसे घासाघीस न करता द्यावे. सुटे पैसे जवळ ठेवावे; फगव्याच्या दोरापाशी यूपीआय चालेल या भरवशावर राहू नये, तिथं रेंजच नसते. नाचायला ओढलं तर नाचावं. सिड्डू नको असेल तर हात जोडावे, नाक मुरडू नये. परतताना बाजारातून कुटकी आणि गवळ्यांचा खवा घ्यावा.

घुंगरू बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी धारणीच्या एसटी स्टँडवर बसची वाट पाहत होतो. फलाटावर गाठोडी, पातेली, गुंडाळलेल्या सतरंज्या आणि पाटीखाली झाकलेली एक कोंबडी. एक जोडपं दोन मुलांना घेऊन बसलं होतं. धाकटीच्या पायात काल बाजारात घेतलेले नवे पैंजण होते आणि ती पाय आपटून ते वाजवत होती. कुठं निघालात, विचारलं. अकोल्याकडं, कापूस वेचायला.

परत कधी, असं मी विचारणार, तोच बाईच बोलली, “होली को आना साहेब. रस्सी पकडूंगी.”

मी फगवा आधीच द्यायला खिशात हात घातला. तिनं मान हलवली. आज नाही, तेव्हाच.