श्रेय ज्याचे त्याला

कार्यालयातला निरोप समारंभ कसा असतो, हे जालन्याच्या वाचकांना सांगायला नको. शाल, श्रीफळ, हार आणि साहेबांचे भाषण. तीस वर्षे ज्या शिपायाला कोणी धड नावाने हाक मारली नाही, तो त्या दिवशी 'कार्यालयाचा आधारस्तंभ' ठरतो. दुसऱ्या दिवसापासून तो येणारच नसतो.

आज खुर्चीवर आपलीही मुले-मुली आहेत. जिल्हा परिषदेत, बँकेत, शाळेत, औद्योगिक वसाहतीतल्या सळईच्या कारखान्यांत. ज्यांच्या पणजोबांनी वेठबिगार केली, ज्यांच्या राबण्याला नाव नव्हते, फक्त जातीची हाक होती, त्यांच्याच घरातला साहेब जेव्हा म्हणतो, "पगार घेतो ना, मग आभार कसले?", तेव्हा मन खट्टू होते.

अशा साहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 चे बाबासाहेबांचे संविधान सभेतील भाषण पुन्हा वाचावे. त्यातला सामाजिक लोकशाहीचा इशारा आपल्याला पाठ आहे. सुरुवातीची पाने मात्र आपण भराभर उलटतो. मसुदा समिती 141 दिवस बसली होती. 7,635 दुरुस्त्या आल्या होत्या, त्यांतील 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. हे ओझे वाहिलेल्या अध्यक्षांनी सांगितले की, मिळणारे श्रेय सगळे माझे नव्हे. कच्चा मसुदा तयार करणारे सर बी. एन. राव यांचे नाव घेतले. समितीच्या सहकाऱ्यांना वाटा दिला. मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचे तर नेमके कौशल्यच सांगितले : कितीही गुंतागुंतीचा प्रस्ताव सोप्या, स्पष्ट कायदेशीर शब्दांत बसवणे. तेवढ्यावर न थांबता मुखर्जींच्या हाताखालचे कर्मचारी कधी कधी मध्यरात्र उलटेपर्यंत राबत होते, हेही सभागृहाला सांगितले. कामथ, डॉ. पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, कुंझरू यांच्यासारखे जे सदस्य अडवून प्रश्न विचारत, त्यांचेही ऋण मानले. आपल्याकडे असा प्रश्न विचारणाऱ्या कारकुनाची बदली होते!

'सर्वांचे आभार' असे एका वाक्यात उरकणे सोपे असते. बाबासाहेबांनी कोणी काय केले ते सांगितले, आणि तेही साऱ्या देशाच्या प्रतिनिधींसमोर.

श्रेय वाटले तर आपले कमी होईल, ही भीती पुष्कळ साहेबांना असते. ती अगदीच खोटी नाही. राव यांच्याविषयीचे बाबासाहेबांचे तेच वाक्य पुढे करून आजही काही जण त्यांचे कर्तृत्व छाटू पाहतात. परंतु 5 नोव्हेंबर 1948 रोजी टी. टी. कृष्णमाचारी यांनी त्याच सभागृहात सांगून ठेवले होते की, समितीतले कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी अमेरिकेत, कोणी दिल्लीपासून दूर. शेवटी मसुद्याचा भार डॉ. आंबेडकरांवर पडला. ज्याने दुसऱ्याचे श्रेय दडवले नाही, त्याचे श्रेय असे दुसऱ्याने सांगितले.

आता जरा शिवाराकडे या. जालना हे बियाण्याचे गाव. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको सुरू केली आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाणे मात्र बोटांनी घडते. भेंडी किंवा कपाशीच्या उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आदल्या संध्याकाळी काढायचे, सकाळी त्याच फुलावर दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. हे नाजूक काम बहुतेक बायाच करतात. पाकिटावर कंपनीचे नाव असते, वाणाचे असते. चांगल्या उताऱ्याबद्दल प्लॉटच्या मालकाचा सत्कार झाला, तर त्या बायांना पहिल्या रांगेत बसवून कोणी कोणत्या ओळी सांभाळल्या हे मुकादमाने सांगावे. त्याला पैसा लागत नाही.

मात्र पैसा लागतो तिथे गोड बोलून भागवू नये. सिगालोवाद सुत्तात मालकाची नोकरांविषयीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : ताकदीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, चांगलेचुंगले वाटून खाणे, वेळोवेळी रजा देणे. तोंडी कौतुक या पाचांत नाही. हजेरी थकवून हार घालणाऱ्या मालकाला बाया बरोबर ओळखतात. म्हणून, साहेब, पुढच्या मासिक बैठकीत ज्या शिपायाचे नाव घेणार आहात, त्याचा वैद्यकीय बिलाचा कागद आपल्याच टेबलावर अडकलेला नाही ना, तेवढे आधी पाहून घ्या.