वजन कमी करण्याचं ऑपरेशन : भरती होण्याआधीची तयारी



नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा पेपरात त्याची चर्चा झाली. आपल्या घरातल्या बाईला हेच ऑपरेशन सांगितलं, तर मात्र विषय कुजबुजीतच राहतो. "खाऊन खाऊन वाढली" असं ऐकावं लागेल म्हणून ती गप्प बसते. ही लपवाछपवी ऑपरेशनच्या वेळी जिवावर येऊ शकते. म्हणून तयारीची पहिली गोष्ट म्हणजे मोकळेपणाने सांगणे.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

पोटावरची चरबी काढतात, असा अनेकींचा समज आहे. तसं नाही. हे जठराचं ऑपरेशन आहे. एका प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. दुसऱ्या प्रकारात जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींमध्ये भूक आणि जेवण कमी होतं.

कोणासाठी?

वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागलं की जो आकडा येतो, त्याला बीएमआय म्हणतात. आपल्याकडे साधारणपणे हा आकडा ३७.५ च्या वर असेल, किंवा ३२.५ च्या वर असून सोबत शुगर, बीपी असे आजार असतील, तर डॉक्टर या ऑपरेशनचा विचार करतात. पाच फूट उंचीच्या बाईसाठी याचा अर्थ अंदाजे ८७ किलो, आणि आजार असतील तर ७५-७६ किलो. थोडं पोट सुटलं म्हणून हे ऑपरेशन करत नाहीत.

डॉक्टरांपासून काय लपवू नये?

- खर्रा, गुडाखू, तंबाखू, बिडी : किमान ६ आठवडे आधी बंद करा. तंबाखूमुळे जखम भरायला वेळ लागतो, धुरामुळे फुफ्फुसाचा त्रास होतो. घरच्यांसमोर सांगायची लाज वाटत असेल, तर डॉक्टरांना एकटीने भेटून सांगा.
- सिकलसेल : आपल्या पूर्व विदर्भात हा आजार बराच आहे. तपासणी झाली नसेल तर आधी करून घ्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत असलंच पाहिजे, कारण शरीरात पाणी किंवा ऑक्सिजन कमी पडला तर अशा रुग्णाचा त्रास वाढतो.
- चालू गोळ्या : शुगर, बीपी, रक्त पातळ करण्याच्या, पाळणा लांबवण्याच्या, जडीबुटीच्यासुद्धा. सगळ्या पिशवीत घालून न्या. कोणती बंद करायची ते डॉक्टर सांगतील, आपल्या मनाने नाही.
- झोपेत मोठ्याने घोरणे, श्वास अडकणे : भूल देताना याची वेगळी काळजी घ्यावी लागते.

शेवटचे दोन आठवडे

बहुतेक ठिकाणी १५ दिवस आधी पातळ, कमी ताकदीचा आहार देतात. त्याने यकृत आकसतं आणि डॉक्टरांना काम करायला जागा मिळते. "आता पुढे खायला मिळणार नाही" म्हणून या दिवसांत पाहुणचार झोडू नका. आदल्या दिवशी कधीपासून उपाशी राहायचं ते नीट विचारून घ्या. जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र घरीच ठेवा. नखांचा रंग काढा. आधार, रेशनकार्ड आणि सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा.

दवाखान्यात आणि घरी

साधारण २ ते ४ दिवस राहावं लागतं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालायला लावतात. दुखलं तरी चाला, नाही तर पायात रक्ताची गाठ होऊ शकते. पहिले काही आठवडे आधी पातळ, मग मऊ खाणं. पुढे भाताआधी वरण, अंडी, मासळी. व्हिटॅमिनच्या गोळ्या मात्र जन्मभर. १२ ते १८ महिने दिवस जाऊ देऊ नका.

ताप, छातीत धडधड, दम लागणे, पोटात वाढतं दुखणं, सारखी उलटी, पोटरीला सूज, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

पैसा आणि गट

पहिल्याच भेटीत पैसे भरू नका. खर्च लेखी मागा: तपासण्या, ऑपरेशन, नंतरच्या गोळ्या आणि नागपूरच्या फेऱ्या धरून. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे भरती होण्याआधी आरोग्यमित्राला विचारा. गटातून कर्ज घ्यायचं असेल, तर घरी बसण्याच्या दिवसांचा विचार करून हप्ता ठरवा. महिना-दीड महिना जड उचलायचं नाही, वाकून रोवणी करायची नाही. त्यामुळे तारीख हंगाम पाहून घ्या.

गटात अशी कोणी ताई असेल, तर तिच्या वजनावर बोलू नका. दवाखान्यात सोबत कोण जाईल, तिच्या घरी पाणी कोण भरेल, हे तिला विचारून येत्या मासिक बैठकीत नावानिशी ठरवा.